ओ नाही, अहो

“ओकारी नाही हो काका, ओकावारी! ओ-का-वा-री!”

जपानीच्या बाईंनी तिसऱ्यांदा फळ्यावर खडू आपटला आणि तिसऱ्यांदा सगळा वर्ग फिस्सकन हसला. वर्ग म्हणजे तरी काय, कंपनीचं भांडारघर. एका भिंतीला हात पुसायच्या कागदांचे खोके, दुसऱ्या भिंतीला साबणाचे कॅन, मध्ये तीन खुर्च्या आणि खुर्च्यांवर तीन वाढपी. तिघांच्या वयाची बेरीज केली असती तर दीडशेच्या जवळ गेली असती.

“जेवणाऱ्याला आणखी वाढू का, असं विचारायचं असलं की म्हणायचं, ओकावारी?” बाईंनी समजावून सांगितलं.

“म्हणजे पाहुणा सुखानं घास घेतोय,” बंब म्हणाला, “आणि आपण कमरेत वाकून, गोड हसून त्याला विचारायचं, ओकारी? बाई, नोकरी जाईल हो आमची!”

“त्यांना आपली भाषा कुठे कळते?”

“त्यांना नसेल कळत. मला कळते ना! मलाच मळमळेल.”

लांब्या एवढा हसला की खुर्ची करकरली. बंब हा पोटानं आणि आवाजानं बंबासारखा, लांब्या हा नावाप्रमाणेच दरवाज्यातून वाकून येणारा. तिसरे होते वरचे काका. ते हसले नाहीत. वही गुडघ्यावर ठेवून, जीभ दाताखाली धरून ते ‘ओकावारी’ लिहीत होते, आणि ‘का’ आणि ‘री’च्या मधला ‘वा’ पुन्हा विसरले होते.

त्यांना वरचे का म्हणत, तर तिघांत सगळ्यात जुने, वरच्या मजल्यावर काम करणारे ते म्हणून. कंपनीत जेवायच्या जागा दोन. तळमजल्यावर कॅन्टीन, तिथं तीन पाळ्यांची सहाशे माणसं हातात ताट घेऊन रांगेत उभी राहत. आणि तिसऱ्या मजल्यावर साहेबांचं जेवणघर. बारा खुर्च्या, पांढरा टेबलक्लॉथ, जाड पडदे. त्या बारा खुर्च्यांच्या मागे काका एकोणतीस वर्षं उभे राहिले होते. बंब त्यांना चिडवायचा, “आमचं काय, आमच्यावर वरच्याची नजर आहे,” आणि काकांकडे बोट दाखवायचा. इतक्या वेळा चिडवायचा की आता त्याला स्वतःलाही हसू येत नसे.

मागल्या वर्षी कंपनी जपानी मालकांनी घेतली. यंत्रं बदलली, गेटवरची पाटी बदलली, साहेब बदलले, आणि फिरत फिरत बदल जेवणघरापर्यंत आला. वर आता जपानी पाहुणे जेवणार. तेव्हा वरच्या वाढप्यांना जेवणाखाण्याचे पन्नास शब्द यायला हवेत. तीन आठवडे शिकवणी, मग परीक्षा. वीस शब्द विचारणार, सोळा आले तो वर राहणार. नाही आले तो खाली कॅन्टीनला जाणार. पगार तोच, असं मॅनेजर साहेबांनी दोनदा सांगितलं. जणू प्रश्न पगाराचा होता.

प्रश्न पायांचा होता. काकांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगून दोरीसारख्या वर आल्या होत्या. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले होते आणि सलग उभं राहू नका म्हणून बजावलं होतं. वाढप्याला उभं राहू नका म्हणणं म्हणजे माशाला ओलं होऊ नको म्हणण्यासारखंच. पण वर निदान मागच्या खोलीत एक स्टूल होतं. सूप देऊन आलं की चार मिनिटं टेकता यायचं, ताटं उचलली की आणखी चार. खाली काउंटरमागे स्टूल नव्हतं. ठेवायलाच जागा नव्हती. अकरा ते तीन, ओल्या फरशीवर, एका जागी खांबासारखं उभं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ती दोन वर्षं कशी काढायची, हे त्या वीस शब्दांवर ठरणार होतं.

आणि दुसरी एक गोष्ट होती, ती काकांनी कुणालाच सांगितली नव्हती. वरच्या वाढप्याला पांढरा कोट असे, पाच पितळी बटणांचा. तो त्यांना आवडायचा. छप्पन्न वर्षांच्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

घरी त्यांची बायको शिवणयंत्रावर बसलेली असायची. कुठल्याशा दवाखान्याच्या उशांचे अभ्रे ती शिवून द्यायची. काका आले, पाय धुऊन मोजे वाळत टाकले, की ती यंत्राचा पाय न थांबवता म्हणायची, “अहो, चहा ठेवलाय झाकून. आणि वही आणा इकडे.”

“जरा टेकू दे की.”

“टेकून म्हणा. मी काय उभं राहून म्हणा म्हणतेय?”

वही तिच्या मांडीवर, अभ्रा सुईखाली, काका भिंतीला पाठ लावून जमिनीवर, पाय उशीवर. परीक्षा सुरू.

“मीठ.”

“शि... शिओ.”

“मासा.”

“सा... थांब. सांगू नकोस. साका...”

“सा-का-ना. अहो, शब्द गिळताय कशाला? जेवणाचे असले म्हणून खायचे नसतात ते.”

तिला शाळा सातवीपर्यंतच मिळालेली, पण डोकं असं की एकदा वाचलं की शिवल्यासारखं बसायचं. चार दिवसांत तिला पन्नासच्या पन्नास शब्द पाठ झाले. काकांना मात्र आज केलेले उद्या आठवत नसत. दिवसभराच्या ताटं-वाट्यांनंतर त्यांच्या डोक्यात काही शिरतच नसे. एकदा तर ‘अंडं’ आठवता आठवता बसल्या जागी त्यांचा डोळा लागला. बायकोनं यंत्र थांबवलं, त्यांच्या अंगावर एक अभ्रा टाकला आणि शेवटी स्वतःच्याच मनाशी ‘तामागो’ म्हणून टाकलं.

मग तिनंच युक्ती काढली.

“असं पाठ करून नाही यायचं तुम्हाला. आपल्या शब्दाला बांधायचं. हे बघा. जपानीत ताट म्हणजे ओसारा. तुमचं जेवण झालं की मी काय म्हणते? ताट बाजूला सारा म्हणते ना? ओ, सारा!”

काकांनी मान वर केली.

“पोट म्हणजे ओनाका. पोट भरलंय, कुणी आणखी वाढायला आलं, तर काय म्हणाल? ओ, नका!”

“अगं!” काका एकदम सरळ बसले.

“आणि चहा म्हणजे ओचा. आता हे तरी मी सांगायला हवंय का? खालच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर काय ओरडतात? ओ, चा!”

काका हसले. शिकवणी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले. मग चवींची पाळी आली. गोड म्हणजे अमाई, तिखट म्हणजे काराई, कडू म्हणजे निगाई, आंबट म्हणजे सुप्पाई, खारट म्हणजे शोप्पाई.

“बघा,” बायको दोरा दातानं तोडत म्हणाली, “काहीही खा, गोड खा नाहीतर कडू खा, शेवटी आठवते ती आईच.”

पाचही चवी काकांना त्या मिनिटाला पाठ झाल्या, त्या कायमच्या.

पण ‘ओ’ची भानगड वेगळी होती, आणि ती दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

त्यासाठी एकोणतीस वर्षं मागं जायला हवं. काका तेव्हा काका नव्हते, सत्तावीस वर्षांचे होते आणि जेवणघरात त्यांचा चौथा दिवस होता. एका पाहुण्याचा रुमाल खाली पडला. काका मदतीला धावले आणि मोठ्यानं म्हणाले, “ओ साहेब, रुमाल पडला तुमचा!” बाराही माणसांनी जेवता जेवता वर बघितलं. जेवण उरकल्यावर जुन्या हेडवेटरनी काकांना मागच्या खोलीत नेलं, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, “ओ ही रस्त्यावरची हाक. रिक्षा थांबवायची तर ओ. इथं ओ नाही, अहो. म्हण शंभर वेळा.” काकांनी शंभर वेळा म्हटलं. वर स्वतःच्या मनानं पन्नास वेळा जास्त म्हटलं, कारण शरमेनं त्यांचे कान तापले होते. त्या दिवसापासून वरच्या मजल्यावर काकांच्या तोंडून ‘ओ’ निघाला नाही. हेडवेटर पुढे निवृत्त झाले, पुढे वारले. नियम राहिला.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर एक यादी लिहिली. ओचा, ओमिझु, ओहाशी, ओसारा, ओशिबोरी, ओनाका, ओकावारी. चहा, पाणी, जेवायच्या काड्या, ताट, हात पुसायचा गरम ओला रुमाल, पोट आणि पुन्हा वाढणं.

“यात सारखं काय आहे?”

“सगळे ओ म्हणून हाका मारतायत,” बंब म्हणाला.

“बरोबर. पण ही हाक नाही. हा मान आहे. नुसतं ‘चा’ म्हणजे चहा. त्याला मान द्यायचा म्हणून पुढे ओ लावायचा. ओचा.”

काकांनी हात वर केला. वर्गात हात वर करणारे ते एकटेच. “बाई, मान कुणाला? चहाला?”

“चहाला, पाण्याला, ताटाला. जेवणाऱ्याच्या पुढे जे जे येतं, त्या सगळ्याला.”

“ओ लावून?”

“ओ लावून.”

“आपल्याकडे उलटं आहे,” काका हळूच म्हणाले. “ओ म्हणजे अपमान.”

“आता तो विसरायचा, काका.”

काकांनी वहीत लिहून घेतलं, ‘ओ मानाचा.’ त्याखाली दोन रेघा मारल्या. पण वहीत लिहिणं वेगळं आणि जिभेवर असणं वेगळं.

परीक्षा वरच्या जेवणघरातच घेतली. टेबलाच्या एका बाजूला मॅनेजर साहेब, शेजारी नव्या मालकांकडून आलेल्या एक जपानी पाहुण्या बाई, राखी कपड्यांतल्या, काकांच्याच वयाच्या. कोपऱ्यात शिकवणाऱ्या बाई उभ्या. आधी लांब्या आत गेला आणि हसत बाहेर आला. मग बंब गेला आणि घाम पुसत बाहेर आला. मग काका.

“बसा काका,” मॅनेजर म्हणाले.

काका थबकले. एकोणतीस वर्षांत त्यांनी या खुर्च्या हजारदा ओढल्या होत्या, सरकवल्या होत्या, पुसल्या होत्या. बसले कधी नव्हते. आज पाय ठणकत होते, आणि समोर मऊ गादीची खुर्ची होती, तरी ते अगदी कडेवर टेकले, उठायला सोपं जावं म्हणून.

मॅनेजर एकेक चिठ्ठी उचलू लागले.

“भात.”

“गोहान.”

“मीठ.”

“शिओ.”

“तिखट. कडू. आंबट.”

“काराई. निगाई. सुप्पाई.” काका भराभर म्हणाले. पाहुण्या बाईंनी मान हलवली. मासा आला, अंडं आलं, मांस आलं, फळं आली. काकांचा आवाज सुटला. कोटाची बटणं त्यांची त्यांनाच चमकताना दिसायला लागली. नऊ झाले, दहा झाले.

“चहा.”

आणि काकांचं असं झालं की शब्द समोर उभा आहे, पण तोंडातून निघत नाही. समोर पांढरा टेबलक्लॉथ. त्याच्या पलीकडे पाहुणी. आणि या टेबलापाशी, पाहुण्याच्या तोंडावर, ओ म्हणायचं? भिंतीकडे तोंड करून म्हटलेले ते दीडशे ‘अहो’ जिभेवर येऊन बसले. आणि मान द्यायचाय, मान द्यायचाय, हे तर डोक्यात घट्ट बसलेलं.

“अहोचा,” काका म्हणाले.

पाहुण्या बाईंनी भुवया उंचावल्या. मॅनेजरनी पेन खाली टेकवलं.

“काय म्हणालात?”

कोपऱ्यातून बाईंनी ओठांचा गोल चंबू केला. ओ, काका, ओ! काकांना तो चंबू स्वच्छ दिसत होता. आपलं चुकलंय, हेही स्वच्छ कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं, ओठ गोल केले, आणि पुन्हा म्हणाले, “अहोचा.”

“पुढचा. पाणी.”

“अहोमिझु.”

“ताट.”

“अहो...” काकांच्या कपाळावर घाम आला. घरी यंत्राशेजारी बसून बायको किती छान म्हणायची, ओ, सारा! पण आता तिचा आवाज आठवला, तर त्या आवाजातही अहोच होता. अहो, चहा. अहो, पाणी तापलंय. अहो, ताट वाढलंय. चौतीस वर्षं चहाच्या आधी अहो ऐकलेला माणूस. वर शिस्त ‘अहो’ची, घरी माया ‘अहो’ची. ‘ओ’ला शिरायला जागाच कुठे होती? “अहोसारा,” ते म्हणाले.

नंतर चार शब्द बरोबर आले. मग हात पुसायचा रुमाल आला, मग पोट आलं, आणि शेवटची चिठ्ठी ‘आणखी वाढू का’ची निघाली.

“अहोकावारी?” काकांनी विचारलं, आणि आयुष्यभराची सवय म्हणून कमरेत किंचित वाकले.

वीस झाले. मॅनेजरनी फुल्या मोजल्या. सहा. सहाही ‘ओ’वरच्या.

“चौदा, काका. सोळा हवे होते.”

“सर, त्यांना सगळे शब्द येतात,” कोपऱ्यातल्या बाई पुढे आल्या. “फक्त ओ म्हणवत नाही त्यांना. कारण आहे त्याला.”

“मलाही दिसतंय ते. पण मी आता काकांना सूट दिली तर उद्या सगळे येतील.” मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं काकांकडे बघायचं टाळलं, यावरूनच ते कळत होतं.

पाहुण्या बाईंनी काहीतरी विचारलं. शिकवणाऱ्या बाई जपानीतून बराच वेळ बोलत राहिल्या. मध्ये एकदा ‘ओ’ ऐकू आला, एकदा ‘अहो’. ऐकता ऐकता पाहुण्या बाई गंभीर झाल्या. मग खुर्ची मागे सारून उठल्या, आणि काकांच्या समोर कमरेतून खाली वाकल्या. काका गडबडून उठले आणि त्यांच्याहून खाली वाकले. दोघं क्षणभर तसेच राहिले.

मार्क मात्र चौदाच राहिले.

बाहेर बंब वाट बघत होता. त्याला बरोबर सोळा पडले होते. बंबाला जन्मापासून सवय, साहेब असो की शिपाई, सगळ्यांना ओ. त्याच्या इतक्या वर्षांच्या उर्मटपणाला आज सहा मार्क मिळाले होते. तो आनंदात काहीतरी बोलणार होता, पण काकांचा चेहरा बघून त्यानं नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमचं स्टूल तसंच ठेवतो,” तो म्हणाला. “तुम्ही या वर, मध्ये मध्ये.” दोघांनाही माहीत होतं की कोणी वर येत नसतं.

काकांनी कोट घडी करून भांडारघरात दिला. वरून दुसरं बटण बायकोनं मागे कधीतरी पांढऱ्याऐवजी पिवळट दोऱ्यानं लावलं होतं. भांडारवाल्यानं पाच बटणं मोजली, सही घेतली आणि कोट पिशवीत टाकला.

घरी यंत्र चालू होतं. काका दारात चपला काढायला लागले तसं ते थांबलं.

“किती?”

“चौदा.”

“चौदा? अहो, काय विसरलात? काड्या? मांस?”

“काही विसरलो नाही.” काका भिंतीला टेकून खाली बसले आणि जे झालं ते सांगत गेले. अहोचा म्हणाले तेव्हा बायकोला हसू फुटलं. अहोमिझुला ती तोंडावर अभ्रा धरून हसली. अहोकावारीपर्यंत येता येता तिचं हसू कुठे गेलं, तिलाच कळलं नाही.

“म्हणजे माझ्यामुळे झालं हे,” ती म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ अहो अहो करते ना मी. त्यानंच जीभ बसली तुमची.”

“वेडी आहेस का? तुझ्यामुळे चौदा तरी झाले. नाहीतर चार झाले असते.”

“उद्यापासून ओ म्हणू का तुम्हाला?”

“म्हण की.”

तिनं घसा साफ केला. त्यांच्याकडे बघितलं. ओठ गोल केले. एकदा केले, दोनदा केले. “नाही बाई,” ती शेवटी म्हणाली, “जीभच वळत नाही.”

“मग? माझी कशी वळणार होती?”

दोघं पुन्हा हसले, आणि या वेळी हसता हसता काकांना रडू आलं. वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं, आणि ते आता लपवायचं कुणापासून? त्यांनी मोजे काढले. पोटऱ्या टरारून सुजल्या होत्या. बायको उठली, बादलीत कोमट पाणी घेऊन आली, त्यांचे पाय त्यात सोडले आणि तिथंच, बादलीशेजारी बसली.

मग ती म्हणाली, “पण एक सांगू? लहानपणी तुमच्या आईनं हाक मारली की काय म्हणायचात?”

“काय म्हणायचो?”

“‘काय’ म्हटलं तर फटका बसायचा ना? मोठ्यांनी हाक मारली की ‘काय’ नाही म्हणायचं, ‘ओ’ म्हणायचं. आमच्याही घरी तसंच होतं.” तिनं पाण्यात हात घालून ते किती निवलं ते बघितलं. “तेव्हा ओ काही एवढा वाईट नसावा. तुमच्या त्या हेडवेटरला उगाच वाटायचं.”

काकांनी पाण्यात पायाची बोटं हलवून बघितली.

सोमवारी ते तळमजल्यावर रुजू झाले. हिरवा ॲप्रन, डोक्यावर कागदी टोपी, आणि काम चहाच्या नळाचं. काउंटरवर भला मोठा स्टीलचा पिंप, त्याला नळ, शेजारी कानाच्या कपांचे मनोरे. अकराला भोंगा झाला आणि कॅन्टीनचं दार उघडलं. सहाशे माणसं एकदम आत आल्यासारखी वाटली, होती दोनशेच. ताटं आपटली, बाकं ओढली गेली. वर चमचा पडला तरी ऐकू यायचा. इथं शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं.

“ओ, चा!”

काकांच्या पाठीतून सणक गेली. भिंतीकडे तोंड करून उभं राहावंसं वाटलं. त्यांनी कप भरला, पुढे केला. माणूस निघूनही गेला होता.

“ओ, पाणी कुठाय?”

“ओ, दोन चा!”

“ओ, इकडं बघा की!”

अर्ध्या तासात पाय पेटले. ओल्या फरशीचा गारवा बुटांच्या तळातून वर येत होता. काका एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते, दुसऱ्यावरचा पहिल्यावर. साडेअकराला त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग बराच वेळ काम केलं आणि पुन्हा बघितलं तर अकरा पस्तीस झाले होते. बायकोनं सकाळी डब्यावर ठेवलेली चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात होती. तिच्या मोठ्या, शिवणीसारख्या सरळ अक्षरात एकच शब्द होता, ‘ओचा’, आणि पुढे, ‘पाठ करा’.

“ओ, चा!”

नळाखाली कप धरता धरता काकांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. समोर तेलानं माखलेले हात, दमलेला चेहरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, त्यांच्याएवढाच म्हातारा एक फिटर. रात्रपाळी करून दिवसपाळीलाही थांबलेला असावा. त्यानं काही वावगं म्हटलं नव्हतं. हवा तसा, एकाही अक्षराची चूक न करता म्हटला होता शब्द. त्याला मागितले असते तर वीसपैकी वीस पडले असते. आणि मान कुणाला, तर बाई म्हणाल्या होत्या, चहाला. जेवणाऱ्याच्या पुढे जे जे येतं, त्या सगळ्याला.

“ओ चा! देताय ना?” फिटर थोडा ओरडून म्हणाला.

काकांनी कप भरला. काठावर सांडलेला थेंब ॲप्रनच्या टोकानं पुसला. मग वर जसा द्यायचे तसा, कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताकडे वळवून, तो दोन्ही हातांनी पुढे ठेवला.

“ओ,” काका म्हणाले.